पिंपळावरचं मडकं

चैत्र शुद्ध ७, शके १६९३
पुणे, सदाशिव पेठ

चिरंजीव सौभाग्यवती मथुरा हिला सासू सोजरबाईचे पोटभर आशीर्वाद.

मी आणि तुझी तुळजी, दोघी सुखरूप आहोत. पोरीचा गोवर कधीच ओसरला. अंगावर एक खूण नाही, नाक तेवढं वाहतं, पण ते तिचं बारमाही आहे. माघात तू शिरवळला भावाकडं गेलीस तेव्हा म्हणालीस, पोरीचा ताप उतरला की न्यायला येते. चैत्र उजाडला. मी काही बोलत नाही. मी आपलं लिहिते.

अक्षरं माझीच आहेत, कारकुनाची नव्हेत. माझा जयसिंग सहा वर्षांचा असताना पंतोजींच्या ओसरीवर एकटा बसेना, रडून पेठ गोळा करायचा, म्हणून मी भिंतीआड बसायची. त्याच्याआधी मलाच धुळाक्षरं आली. जोडाक्षरं सुरू झाली त्या आठवड्यात त्यानं रडणं सोडलं, त्यामुळं माझी विद्या तिथंच थांबली. तुला वाचता येत नाही, हे पत्र शिरवळचे कुलकर्णी गोपाळकृष्णपंत वाचून दाखवतील. पंत, नमस्कार. अक्षराला हसू नये.

आता मोठी बातमी. आपल्या आवारातला शिरीष गेला. पलीकडं कुणा सरदाराचा वाडा उठतोय, त्याला तुळया हव्या होत्या. माणसं आली, एक कागद दाखवला आणि झाड घेऊन गेली. त्या झाडाच्या ढोलीत दरसाल दयाळ घर करायचा, तुला माहीतच आहे. काळापांढरा, शेपटी उभी करून शीळ घालायचा तो. जयसिंग त्याच्यासारखी शीळ काढायचा आणि तू फसून परसात जायचीस. यंदा जोडी आली तर झाडच नाही. तीन दिवस दोघं बुंध्यावर बसून वर बघत होती, जिथं ढोली होती तिथं, मोकळ्या हवेत. मादीनं हौदाच्या भिंतीतलं भगदाड बघितलं, तर गवंड्यानं दुसऱ्याच दिवशी ते चुन्यानं बुजवलं. तुळजीनं ते बघून जेवण टाकलं.

मग मी काय केलं? मी गेनबा कुंभाराकडं गेले. म्हटलं, गेनबा, मला एक मडकं दे, कच्चं असतानाच त्याच्या पोटाला भोक पाड आणि मग भाज.

तो म्हणाला, "काकी, माझं मडकं गळतंय म्हणून लोक परत आणत्यात. तू गळकंच मागतीस व्हय?"

म्हटलं, पाखरांना हवंय.

"पाखरांनी सांगितलं का किती मोठं भोक पायजे?"

सांगितलं नव्हतं ना! तिथंच माझी चूक झाली. पहिल्या मडक्याला चार बोटांचं भोक पाडलं, तर दुपारपर्यंत साळुंक्या आत शिरल्या आणि दयाळाला त्यांनी आवाराबाहेर हाकललं. तेही दोरीनं नुसतं लोंबकळत ठेवलेलं, वारा आला की पाळणा. साळुंक्यांना पाळणा चालतो. त्यांना काहीही चालतं. असो, राहोत, त्यांनाही घर लागतंच. दुसऱ्याला तीन बोटांचं भोक पाडलं, त्यात साळुंकीचं ढुंगण मावत नाही. (पंत, हे गाळलं तरी चालेल.) आतून गेनबानं खिळ्यानं चरे ओढले, पिलांना चढायला नख रोवता यावं म्हणून. तोंडावर झाकणी ठेवून फडक्यानं बांधली. पावसाचं पाणी आत साचू नये म्हणून तळाला काडीएवढं भोक ठेवलं. ते माझंच डोकं. आणि पिंपळाच्या फांदीला दोन जागी आवळून बांधलं, हलू नये असं. खोडाला बाभळीच्या काट्या, मांजरासाठी.

तिसऱ्या दिवशी मादी आली. आत डोकं घातलं. बाहेर काढलं. परत घातलं. तुळजी माझ्या खांद्यावर बसून श्वास धरून होती, आणि तो सोडला तो माझ्या कानात. मथुरा, मादी आत गेली ग! पोर इतकी हसली की मला रडू आलं.

जयसिंगाची अजून खबर नाही. खबर नाही म्हणजे वाईट खबर नाही. कर्नाटक लांब आहे, आणि स्वारीतली माणसं पत्राच्या बाबतीत आळशी. आणि माघात दारात जो माणूस आला होता, ज्याच्यावरून आपलं वाजलं, तो घोड्याची वैरण विचारायला आला होता. दहादा सांगितलं, अकराव्यांदा लिहून देते.

पत्र गेनबाच्या मेहुण्याबरोबर देते. तो भांडी घेऊन कात्रजच्या घाटानं तुमच्या बाजाराला येतो. त्याच्याच गाडीत बसून ये.


चैत्र वद्य २

चिरंजीव सौभाग्यवती मथुरा हिला आशीर्वाद. दत्तोबाला आशीर्वाद नाहीत.

तुझ्या भावाचा निरोप पोचला. गेनबाचा मेहुणा बिचारा मान खाली घालून उभा राहिला आणि म्हणाला, काकी, मी नुसता सांगणारा. दत्तोबा म्हणतो: तुमच्या पिंपळाला मडकं बांधलेलं शिरवळच्या कांद्याच्या गाडीवानानं डोळ्यांनी बघितलं. तोंडाला फडकं, तळाला भोक, पाणी ठिबकत होतं. बाकीची झाडं होती, पिंपळालाच का बांधलंत? जयसिंगाचं सुतक धरलंत, पाणी सोडलंत आणि बायकोला कळवलंसुद्धा नाहीत. असो, तुमचा शब्द आम्हाला मडक्यातून कळला. आता मथुरेचा पाट लावायला तुमची आडकाठी नाही असं समजतो. हिंदुराव म्हणून बिजवर आहे, त्याचं स्थळ आहे. वैशाख वद्य पंचमी ठरली.

अग, ते मडकं पाखरांचं आहे ग!

माणूस मेल्यावर दहा दिवस पिंपळाला बांधतात ते मडकं वेगळं, हे बाळगोपाळांना कळतं. त्याला पोटाला भोक नसतं. ह्याला तीन बोटांचं भोक आहे पोटाला, दयाळाची मादी आत-बाहेर करते. तुमच्या गाडीवानाला ती दिसली नाही? ती बसली असेल पलीकडच्या अंगाला, आणि तो आला असेल अलीकडून. आणि पाणी ठिबकत होतं ते वळवाचं! आदल्या दिवशी गारा पडल्या, झाकणी सरकली, आत पाणी गेलं, ते तळाच्या भोकातून सकाळभर ठिबकलं. त्याचसाठी ते भोक ठेवलं होतं. ते भोक नसतं तर मादीचा सगळा काडीकचरा कुजला असता. चांगल्यासाठी करावं तर हे असं.

दत्तोबाला विचार, पाणी सोडायचं तर मी रस्त्यावरच्या फांदीला सोडीन? भाऊबंद बोलावणार नाही? पेठेत कुणाला कळणार नाही, आणि नेमकं शिरवळच्या कांदेवाल्याला कळेल?

मथुरा, सासूनं तोंडानं शब्द दिल्याशिवाय सुनेचा पाट लागत नाही, ही आपल्यातली रीत आहे. मी शब्द दिलेला नाही. मडकं शब्द देत नाही. उद्या जयसिंग दारात उभा राहिला आणि त्यानं विचारलं, आई, मथुरा कुठाय, तर मी काय सांगू? कांद्याच्या गाडीवानाला विचार म्हणून?

तुळजीला पाठवा असंही दत्तोबा म्हणतो. पोर जयसिंगाच्या घरची आहे. ती इथंच राहील. तू इथं ये.

हिंदुरावाबद्दल माझं काही म्हणणं नाही, मी त्याला ओळखत नाही. मिशी मोठी आहे म्हणे. असेना. मिशी काही नांगर धरत नाही.

तुळजी निरोप घातल्यावाचून उठू देत नाही: मादीनं मडक्यात मुळ्या, काटक्या आणि माझ्या झाडायच्या कुंच्यातले केस नेलेत. माझा कुंचा बोडका झाला. पोर म्हणते, आजी, तू त्यांची पण आजी झालीस. मी झाले हो. मला काय, मी कुणाचीही होते.


चैत्र वद्य ९

चिरंजीव मथुरा हिला आशीर्वाद.

तुझा निरोप पोचला. ह्या वेळी दत्तोबाचा नव्हे, तुझाच. गेनबाच्या मेहुण्यानं तो तुझ्या शब्दांत पाठ करून आणला, दोनदा म्हणून दाखवला. "मडकं पाखरांचं, हे मी मानते. आत्याबाईंना पाखरांचं वेड पहिल्यापासून आहे. आता त्यांनी तुळजीच्या डोक्यावर हात ठेवून एवढंच लिहावं, की माघात आलेल्या माणसानं यांच्याबद्दल काही सांगितलं नाही. लिहिलं की मी त्याच गाडीनं परत येते, पाट मोडते, आणि जन्मभर तुमच्या चुलीपाशी वाट बघते."

बरं.

अंडी पाच आहेत. निळसर, वर तपकिरी शिंतोडे, जणू कुणी बोटांनी गेरू उडवला. झाकणी नुसती बांधलेली आहे म्हणून उघडून बघता येतं, पण रोज बघू नये, मादी घर टाकते. मी दोनदाच बघितलं. तुळजीला वाटतं एकदाच बघितलं. अंड्यांवर मादीच बसते, नर बसत नाही. तो आपला भिंतीवर बसून गातो आणि कावळा आला की अंगावर धावून जातो. काल मोठा डोमकावळा आला होता. ह्याच्या पाचपट. हा गेला की त्याच्या पाठीवर! तुळजीनं टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या, माझ्या वयाला शोभत नाही.

गेनबानं हौसेनं लहान मडकीही केलीत, दोन बोटांच्या भोकाची. त्यात चिमण्या आल्या. आता रस्त्यानं जाणारे थांबून विचारतात, बाई, हे काय? मी म्हणते, पेठ वसवतेय. एका भटजींना हसू आलं नाही. म्हणाले, पिंपळावर असलं बांधू नये, माणसं भलतं समजतात. म्हटलं, समजलीत आधीच, आपण उशिरा आलात.

वैरणीचं म्हणशील तर यंदा कडबा महाग आहे, तो माणूस तेच म्हणत होता.

शपथेचं म्हणशील, तर मथुरा, लहान पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घेऊ नयेत. पोराला लागतात. माझ्या आईनं कधी घेतली नाही. मी तुला तोंडानं सांगितलंय, ते पुरे मानावंस. सून सासूकडं असा जामीन मागते हे मी कुठं ऐकलं नाही.

तुळजी आत्ता इथंच माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलीय, दुपारची. केस जयसिंगासारखेच, उलट्या भोवऱ्याचे. हात ठेवायचा तर सोपं आहे, हात डोक्यावरच आहे.

लेखणी खाली ठेवते. शाई वाळतेय.

वर सौभाग्यवती लिहायचं मुद्दाम सोडलं असं समजू नकोस. घाई होती.


वैशाख शुद्ध ४

मथुरा हिला.

पंत, ह्यापुढचं मोठ्यानं वाचावं आणि काही गाळू नये. दत्तोबाला ओसरीवर बसवावं. मथुरेजवळ तिची आई असेल तर बरं.

काल आखिती झाली. आपल्यात ह्या दिवशी मेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याच्या घागरी भरतात, म्हणून मी परवा गेनबाकडं गेले होते. दरसाल एक घागर आणते, सासऱ्यांची तुझ्या. गेनबानं विचारलं, "काकी, किती?"

माझ्या तोंडून निघालं, दोन.

मथुरा, मी ठरवलं नव्हतं. देवाशपथ ठरवलं नव्हतं. गेनबानं माझ्याकडं बघितलं, मग चाकाकडं बघितलं, आणि दोन घागरी काढून दिल्या. मी दोन घागरी घेऊन घरी आले.

काल सकाळी भरून ठेवल्या. वर वाळ्याच्या काड्या, आंबा, सगळं. तुळजी आली, बोट लावून मोजलं. "ही आजोबांची. ही कुणाची?"

मी म्हटलं, शेजारच्यांची.

"त्यांनी तर त्यांच्या दारात ठेवल्यात. मी बघितल्या."

मग मी तिच्याकडं बघितलं. वैरणीची गोष्ट तिला सांगता आली नाही. तुला सांगता आली होती, तिला नाही आली. का ते मला माहीत नाही. कदाचित तिनं तुझ्यासारखं माझ्याकडं टक लावून बघितलं नाही, सरळ विचारलं.

माघातला तो माणूस म्हणजे संपत. जयसिंगाच्या पथकातला. मार्गशीर्षात, तुंगभद्रेपलीकडच्या छावणीत, आपला जयसिंग गेला. लढाईत नव्हे ग. हगवणीनं. तलवार म्यानातच होती. पथकातल्या तेरा जणांना झाली होती, नऊ उठले. नदीकाठी अग्नी दिला. संपतनं त्याचं चांदीचं कडं आणलं, ते मी ज्वारीच्या कणगीत तळाशी घातलंय. तू नदीवरून धुणं घेऊन आलीस तेव्हा ते माझ्या ओच्यात होतं आणि मी तुझ्यावर ओरडत होते, पायांची माती घरात आणलीस म्हणून. तू विचारलंस, कोण होतं? मी म्हटलं, वैरणवाला. तुझ्या डोळ्यांत मला दिसलं की तुला कळलंय, आणि तुला दिसलं की मी खोटं बोलतेय. त्यावरून आपण चार दिवस मिठावरून, पाण्यावरून, झाडलोटीवरून भांडलो. खरं भांडण कुठलं, ते दोघींना ठाऊक होतं.

का लपवलं, ते ऐक. तू कुंकू लावून हौदावर जायचीस ना, मी खिडकीतून तुझ्या कपाळाकडं बघायची. मला वाटायचं, आहे. अजून आहे. माझं पोर आहे ह्याचा दाखला तुझ्या कपाळावरच होता, दुसरीकडं कुठं नव्हता. तो मी पुसला नाही. तुझ्यासाठी नाही ग, माझ्यासाठी. आणि दुसरं हे, की तुला कळलं की तू माहेरी जाशील, तुझं वय बावीस, कुणीतरी पाट लावील, आणि माझ्या घरात मी आणि कडं राहू. मी तुझी तीन महिने वाट अडवली. सासूनं सुनेला छळावं कसं ते मला कधी जमलं नाही असं मी पेठेत सांगत फिरते. जमलं की.

मडक्याचं मात्र खरं सांगितलं होतं. ते पाखरांचंच. पण दत्तोबानं एक विचारलं होतं, बाकीची झाडं होती, पिंपळालाच का बांधलंत? त्याचं उत्तर मी दिलं नव्हतं. आवारात आंबा आहे, जांभूळ आहे. मांजर पिंपळावर चढत नाही असं मी गेनबाला सांगितलं. मग काट्या कशाला बांधल्या? हातांना ठाऊक होतं मथुरा, मलाच नव्हतं.

शेवटी शेवटी तो पाणी मागत होता, संपत म्हणाला. ओढ्याचं गढूळ होतं, वैद्यानं मना केलं होतं. हे मला कुणी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. आता तुलाही सांगून बसले.

तुळजीला सांगितलं. तिनं दुसऱ्या घागरीत हात घालून बघितला, पाणी गार आहे का म्हणून. मग म्हणाली, बाबांना मोठी घागर लागेल, ते एका दमात पितात.

पिलं निघून आठवडा झाला. चार. एक अंडं तसंच राहिलं.

माझा शब्द लिहून देते, पंतांनी सगळ्यांसमोर वाचावा: मथुरेच्या पाटाला माझी, जयसिंगाच्या आईची, ना नाही.


वैशाख शुद्ध ११

चिरंजीव मथुरा हिला सोजरबाईचे आशीर्वाद.

निरोप पोचला. गेनबाचा मेहुणा ह्या वेळी ओसरीवर बसला, पाणी प्याला, मग बोलला. म्हणाला, पत्र वाचून झाल्यावर वहिनींनी बांगड्या उतरवल्या त्या फोडून नव्हे, हळू काढून ठेवल्या. मग दोनच गोष्टी सांगितल्या. तुळजीला पाठवा. आणि विचारा, पाणी मागत होते तर कुणी दिलं का?

ते मी संपतला विचारलंच नव्हतं. तो सांगत होता तेव्हा मी त्याला गप्प करत होते, तू येशील म्हणून. परवा मीच त्याच्याकडं गेले, तो पागेत घोडी खरारत होता. तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "दिलं, आई. वैद्याचा डोळा चुकवून माझ्या तांब्यातलं दिलं. पोटभर प्याला." मी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि मानलं. तूही मान.

गुरवाला बोलावून रीतसर सगळं सुरू केलंय, आज सातवा दिवस. पिंपळाला त्याच्या नावाचं वेगळं मडकं बांधलंय, आणि जवळचा पुरुष माणूस कुणी नाही म्हणून त्यात पाणी मीच घालते. गुरव म्हणाला, बायकांनी घालू नये. मी विचारलं, त्याला पहिलं पाणी कुणी पाजलं होतं? त्यानं तांब्या माझ्या हातात दिला. चांगला माणूस आहे.

काल पिलं उडाली. पहिलं सकाळी उंबऱ्यावर बसावं तसं भोकात बसलं, तुळजी खालून "उड, उड" करते, ते काही उडेना. नर जांभळीवरून हाका मारतोय, चोचीत किडा धरून, देत नाही, नुसता दाखवतोय. मग एकदम पडलं म्हणावं की उडालं म्हणावं, ते गेलं. मागोमाग दोन. चौथं दुपारपर्यंत बसून राहिलं. तुळजी म्हणाली, ते माझ्यासारखं आहे. मी म्हटलं, हो, त्याचं नाकही वाहत असेल. खूप हसलो. चौथंही गेलं. संध्याकाळी मडकं सुनं सुनं दिसलं. पण गेनबा म्हणतो, महिनाभरात तीच जोडी परत अंडी घालते, घर झाडून ठेवावं. आज झाडलं.

तुळजी ह्या गाडीत आहे. रीतीनं पोर बापाच्या घरची, हे मीच तुला लिहिलं होतं. बाप पिंपळाखाली आहे, त्याच्या वतीनं मी सांगते, ती तुझी. गेनबा स्वतः गाडीबरोबर येतोय, मेहुण्यावर विसंबला नाही. तिला घाटात उलटी होते, चिंचेची गोळी दिलीय. कडं तिच्या गाठोड्यात आहे, तिच्या लग्नात तिला घालशील. हिंदुरावांना आशीर्वाद सांग. त्यांना सांग, पोर फार बोलते, ते माझ्याकडून आलंय, पण ऐकणाऱ्याला सवय होते. दिवाळीला धाडलंस तर धाड. नाही धाडलंस तर मी काही बोलणार नाही. मी लिहीन.

माझी काळजी नको. साळुंक्या आहेत, त्यांचं भांडण दिवसभर चालतं, घर भरल्यासारखं वाटतं.

गाडीत कडब्यात गुंडाळलेलं एक मडकं आहे, तुझ्या नव्या घरासाठी. दयाळ तिकडंही असणार. बांधायचं कसं ते लिहिते, पंतांनी सावकाश वाचावं. माणसाच्या दीड-दोनपट उंचीवर बांध. दोन जागी आवळ, हलता कामा नये. खोडाला काट्या. सकाळच्या उन्हाकडं तोंड कर, दुपारच्या नको. भोक तीन बोटांचंच आहे, कुणी मोठं करू म्हणालं तर ऐकू नकोस, साळुंक्या शिरतील. मडकं भोकाच्या अंगाला जरासं पुढं कलतं बांध, म्हणजे पाऊस आत जाणार नाही, आणि मग तळाला भोक पाडायची गरज उरत नाही. आंब्याला बांध, जांभळीला बांध, चिंचेला बांध. पिंपळाला नको. तळाला भोक असलेलं मी इथं बांधलंय.